नाद ऐकायचा कसा, पाहायचा कसा: तंबोरा, वाट्या, तबला आणि रांगोळी

मी मिरजेत गाणं शिकवते. वर्षातले काही रविवार मी मुलांना गायला बसवत नाही, आवाज तपासायला बसवते. त्या रविवारी आम्ही काय करतो ते इथे नीट लिहून ठेवते आहे. घरात एखादं वाद्य असेल तर उत्तमच. नसलं तरी यातल्या निम्म्या गोष्टी स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर होतात.

एक पथ्य मात्र पाळा. कारण आधी सांगू नका. मुलाला आधी कानानं ऐकू द्या, मग हात लावू द्या, आणि "असं का होतं?" असं त्यानं विचारलं की मगच बोला. समजावून सांगितलेलं स्वयंभू गंधाराचं (तंबोऱ्यात कुणी न छेडताच घुमणाऱ्या गंधाराचं) गणित मुलं मान डोलावून ऐकतात आणि विसरतात. तेच मूल तारेला स्वतः बोट लावून गंधार काढतं, तेव्हा न्यायला आलेल्या आईला आत ओढून आणतं आणि दाखवतं.

तंबोरा: आधी दोरा काढा

आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे घडताना पाहणं हा मिरजकरांचा रोजचा परिपाठ. दीडशेहून अधिक वर्षं हे काम इथे चाललं आहे आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. भोपळा, लाकूड, चार तारा. एवढ्या साध्या वस्तूतून एवढा भरलेला नाद कसा निघतो, हा प्रश्न इथे जन्म काढूनही जुना होत नाही.

तंबोरा मिळवून बसा. पंचम, जोडी, खर्ज असा नेहमीसारखा जुळवून घ्या: पहिली तार पंचमात, मधली जोडी षड्जात, चौथी खालच्या षड्जात, म्हणजे खर्जात. आता चौथी, खर्जाची पितळी तार घ्या आणि घोडीवर (भोपळ्याच्या बाजूला तारा ज्यावर टेकतात त्या रुंद ठोकळ्यावर) त्या तारेखाली सरकवलेला जवारीचा, म्हणजे नाद खुलवणारा, दोरा काढून टाका. तार छेडा. आवाज येतो, पण बोदा. ठक्क वाजून विरतो.

मग दोरा पुन्हा तारेखाली घाला. साधा सुती दोरा चालतो; शिवणाच्या रिळाचा असेल तर पीळ सोडवून त्यातला एकच पदर घ्या. एका हातानं तार छेडत राहा आणि दुसऱ्या हातानं दोरा केसाकेसानं पुढेमागे सरकवा. बराच वेळ काही घडणार नाही. मग एका जागी आवाज एकदम उघडेल, त्याला कडा येतील, तो लांबेल. त्याच्याही पुढे दोरा नेलात तर पुन्हा मिटेल. दोन-तीन मिलिमीटरचा सगळा खेळ आहे. हे काम मुलाला स्वतः करू द्या, कितीही वेळ लागो. जागा सापडल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

आता कारण. तंबोऱ्याची घोडी सतारीसारखीच रुंद असते, आणि तिचा माथा सपाट दिसला तरी तो अगदी हलका बाक देऊन घासलेला असतो. तार त्या बाकावर टेकत-सुटत कंप पावते. म्हणजे तारेची लांबी प्रत्येक आंदोलनात किंचित बदलते, आणि त्या घासटण्यातून वरचे बारीक स्वर सतत नव्यानं जागे होत राहतात. दोरा फक्त तार नेमकी कुठून टेकू लागेल ते ठरवतो. कारागीर जवारी काढताना, म्हणजे घोडीचा हा बाक घडवताना, कानसीचे दोन हात मारतात, तार लावून ऐकतात, पुन्हा काढतात, पुन्हा दोन हात मारतात. त्यांच्याजवळ बसायची संधी मिळाली तर सोडू नका. मात्र मध्ये बोलू नका, कारण ते हातापेक्षा कानानं काम करत असतात.

रामन यांची परीक्षा

हा माझा सर्वांत आवडता प्रयोग आहे. तो चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधातून आला आहे. प्रकाशाच्या ज्या कामासाठी त्यांना १९३० मध्ये नोबेल मिळालं, त्याच्या आधीची कित्येक वर्षं रामन कलकत्त्यात वीणा, तंबोरा, व्हायोलिन यांच्या तारांच्या मागे लागलेले होते.

तारेचा एक जुना नियम आहे. तार ज्या बिंदूवर छेडाल, त्या बिंदूवर जे उपस्वर (मूळ स्वराबरोबर तारेत वाजणारे वरचे बारीक स्वर) स्थिर असतात, ते वाजतच नाहीत. तार बरोबर मध्यावर छेडली, तर तिचा दुप्पट आंदोलनांचा स्वर, म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज, तिच्यात असता कामा नये.

पडताळून पाहा. खर्जाच्या तारेचा दोरा काढा. घोडीपासून अटीपर्यंत (तार दांडीच्या वरच्या टोकाला जिथे टेकते तिथपर्यंत) पट्टीनं लांबी मोजा आणि मध्य काढा. तिथे दांडीवर खडूची बारीक खूण करा. तार नेमकी तिथे छेडा आणि लगेच त्याच जागी बोटाचं टोक हलकेच टेकवा. तार जवळजवळ गप्प होईल. नियमाप्रमाणेच झालं: मध्यावर टेकवलेल्या बोटाला चुकवून वाजू शकला असता तो वरचा षड्ज, आणि तो तर तारेत नव्हताच.

आता दोरा लावून जवारी खुलवा आणि अगदी तेच करा. मध्यावर छेडा, मध्यावर टेकवा. वरचा षड्ज स्वच्छ वाजत राहील! जो स्वर तारेत नसायला हवा होता, तो जवारीनं निर्माण केला आहे. रामन यांनी हेच दाखवलं. नियम मोडतो आहे असं दिसतं, कारण तो नियम टोकाशी घट्ट टेकलेल्या तारेचा आहे आणि आपली घोडी तारेला तसं टेकू देत नाही. हे ज्या कुणा जुन्या कारागिरानं पहिल्यांदा कानानं शोधून काढलं, त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याच्यापुढे मला हात जोडावेसे वाटतात.

तारेतले स्वर बोटानं वेगळे काढा

लांबी मोजलेलीच आहे. समजा ती ९० सेंटिमीटर निघाली. तुमची जी असेल तिला त्या हिशेबानं भागा. घोडीच्या बाजूनं या खुणा करा: ४५, ३०, २२.५, १८, १५. म्हणजे निम्मी, तिसरा भाग, चौथा, पाचवा, सहावा.

प्रत्येक खुणेवर बोट नुसतं टेकवा, दाबू नका. तार घोडीजवळ छेडा आणि छेडताक्षणी बोट उचला. ४५ वर मध्य षड्ज मिळेल, ३० वर पंचम, २२.५ वर तार षड्ज, १८ वर गंधार, १५ वर तार पंचम. १८ च्या खुणेवर थांबा. हाच तो गंधार, जो तंबोरा चांगला जुळला की कुणीही न छेडता खोलीत घुमतो आणि ज्याला आपण स्वयंभू म्हणतो. तो एकदा बोटानं काढून ऐकला की कानाला त्याची ओळख पटते. मग लगेच बोट न लावता तंबोरा छेडायला सांगा आणि मुलाला डोळे मिटून तोच स्वर गर्दीतून शोधू द्या. आधी ज्याला काहीच ऐकू येत नव्हतं, त्यालाही आता येतो.

हिशेबाची गोडी असलेलं मूल असेल तर त्याला सातव्या भागावर, ९० ला साधारण १२.९ सेंटिमीटरवर, बोट ठेवायला सांगा. तिथे एक निषाद मिळतो, पेटीतल्या कोमल निषादापेक्षाही बराच उतरलेला. तो आपल्या सात-बारा स्वरांत कुठेच नीट बसत नाही. काही मुलांना तो बेसूर वाटतो, काहींना फार गोड. दोन्ही उत्तरं बरोबर माना.

पंचमाच्या तारेवर हीच कसरत केली तर तिच्या तिसऱ्या भागावर ऋषभ आणि पाचव्या भागावर शुद्ध निषाद सापडतो. म्हणजे चार तारांच्या, पडदे नसलेल्या या वाद्यात सा, रे, ग, प, नी बसलेले आहेत आणि आपण त्यांतले दोनच जुळवले होते.

पेटीशी भांडण लावा

घरात पेटी असेल तर ती तंबोऱ्याला मिळणाऱ्या पट्टीत वाजवा. तंबोऱ्यावर १८ च्या खुणेवरचा गंधार काढा आणि त्याच सप्तकातला पेटीचा गंधार त्याच्यावर धरा. दोन्ही मिळून आवाज डोलायला लागेल, लहान-मोठा, लहान-मोठा. विज्ञानाच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात.

आपल्या संगीतशास्त्राच्या पुस्तकांत षड्ज २४० आंदोलनांचा धरण्याची रीत आहे. तारेतून निघणारा गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० आंदोलनांचा. साध्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार सुमारे ३०२.४ वर येतो. फरक २.४, म्हणून सेकंदाला दोनाहून थोडे जास्त डोल. मुलांना घड्याळ समोर ठेवून डोल मोजायला लावा. तुमच्या पट्टीत आणि सप्तकात आकडा वेगळा येईल, आणि तो का वेगळा आला हे काढणं हाच मोठ्या मुलांचा गृहपाठ.

हे वेड आमच्या भागाला फार जुनं आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुतींची (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची) मोजदाद मांडली आणि त्यासाठी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला. खाँसाहेब पुढे मिरजेचेच झाले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. तंबोरा जुळवण्यात त्यांचा कान किती बारीक होता, याच्या आठवणी इथले जुने लोक आजही सांगतात. गाणाऱ्या माणसाला मोजपट्टीची ॲलर्जी असते, हा समज मला म्हणूनच पटत नाही.

स्वयंपाकघरात

हे पटकन सांगते, कारण करायला सोपं आहे.

काचेची बाटली घ्या. तिच्यात थोडं थोडं पाणी भरत चमच्यानं बाहेरून वाजवा: स्वर उतरत जातो. आता त्याच बाटलीच्या तोंडावर फुंकर मारत पाणी भरा: स्वर चढत जातो. बाटली तीच, पाणी तेच, दिशा उलट. वाजवताना काच थरथरते आणि पाण्याचं ओझं तिला मंद करतं, म्हणून जलतरंगाची वाटी भरली की खाली येते. फुंकताना थरथरते ती आतली हवा, आणि पाणी वाढलं की हवेचा खांब आखूड होतो. नळाखालची कळशी भरत आल्याचं घरातल्या बाया पाठमोऱ्या असूनही ओळखतात, ते याच चढत्या आवाजावरून. मुलाचे डोळे बांधून कळशी काठोकाठ भरताच नळ बंद करायला सांगा. जमतं.

दुसरा प्रयोग इनोचा. उंच काचेच्या किंवा चिनी मातीच्या पेल्यात कोमट पाणी घ्या, पेल्याच्या तळाला आतून चमच्यानं टकटक करत राहा आणि मध्येच इनो टाका. टकटक एकदम खोल जाईल, खर्जात. मग फेस विरत जाईल तसतसा स्वर हळूहळू वर चढत मूळ जागी येईल. सगळे हसतात.

याचं कारण मला अजूनही अचंब्यात टाकतं. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात जवळपास १५००. पाण्यात बुडबुडे मिसळले तर वेग या दोन्हींच्या मधला कुठला तरी असेल असं कुणालाही वाटेल. तो दोन्हींपेक्षा कमी होतो. बुडबुड्यांमुळे ते मिश्रण हवेसारखं दाबलं जातं, पण वजन मात्र पाण्याचंच राहतं, त्यामुळे आवाजाला त्यातून वाट काढायला वेळ लागतो. म्हणून स्वर कोसळतो.

तबल्यावर रेती

यासाठी रियाजाचा चांगला तबला वापरू नका. पुडी (वरचं कातडं) बदलायला टाकायचा असलेला दायाँ (उजव्या हाताचा तबला) असेल तर तो घ्या, पण शाई (पुडीच्या मध्यावरचा काळा गोल) शाबूत असावी. नदीची बारीक, कोरडी, चाळलेली रेती चिमूटभर पुरे.

आधी पुडीवर रेती भुरभुरवा. अनामिका शाईच्या कडेवर हलकी टेकवा आणि तर्जनीनं चाटेवर (पुडीच्या काठाच्या पट्टीवर) "ना" वाजवत राहा, एकसारखा. रेती उड्या मारत सरकेल आणि अनामिकेच्या जागेतून आरपार जाणाऱ्या एका रेषेत गोळा होऊ लागेल. ती रेषा म्हणजे पुडीचा न हलणारा भाग. रेषेच्या एका बाजूची पुडी वर जाते तेव्हा दुसऱ्या बाजूची खाली येते. आता सगळी बोटं उचलून मोकळा "तूं" वाजवा. रेती कडेकडे पांगेल, कारण आता सगळी पुडी एकत्र वरखाली होते. तबला शिकणाऱ्या मुलाला गुरू "अनामिका इथेच ठेव" असं का सांगतात, ते त्या दिवशी डोळ्यांना दिसतं.

शाईबद्दल थोडं सविस्तर सांगितलंच पाहिजे. हलगी घ्या, डफ घ्या, त्यांच्यातून नेमका स्वर सापडत नाही. नुसत्या ताणलेल्या गोल कातड्याचे उपस्वर मूळ आंदोलनांच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे पडतात. कानाला त्यांचं एकमेकांशी नातं लावता येत नाही. तबल्याच्या मध्यावर लोखंडाची पूड आणि खळ यांचे थरावर थर दगडानं घोटून शाई बसवतात, आणि त्या वजनामुळे तेच उपस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे रांगेत येतात. म्हणजे तंबोऱ्याच्या तारेत असतात तसेच! म्हणूनच तबला षड्जात मिळवता येतो. रामन यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९२० साली "नेचर"मध्ये याबद्दल लिहिलं आणि १९३४ च्या निबंधात वाद्याच्या पुडीवर रेती टाकून उमटलेल्या आकृत्या छापल्या. आपण करतो आहोत ते त्यांचंच अनुकरण.

रांगोळीला गाऊन दाखवा

मोठं पातेलं घ्या. मोठा फुगा कापून किंवा स्वयंपाकघरातली पारदर्शक चिकट फिल्म घेऊन पातेल्याच्या तोंडावर ताणून बसवा, सुरकुती राहू देऊ नका. वरून रबर किंवा सुतळी बांधा. त्यावर शिरगोळ्याची रांगोळी पातळ पेरा, दाणेदार असेल तर उत्तम. पातेल्याच्या बाजूला बसून, फुंकर पडद्यावर जाणार नाही अशा बेतानं, "ओ" लावा आणि हळूहळू खालून वर चढत जा. बहुतेक स्वरांवर काही होणार नाही. एका स्वरावर रांगोळी अचानक नाचू लागेल आणि वर्तुळात किंवा रेघांत जमेल. तो स्वर धरून ठेवा. दम मोठा असलेल्या मुलांची इथे चंगळ असते, आणि सूर हलला की आकृती मोडते. श्वासाचा याहून चांगला पलटा मला माहीत नाही.

आता थाळीचा प्रयोग. एर्न्स्ट क्लाडनी या जर्मन माणसानं १७८७ मध्ये प्रसिद्ध केलेला, पुढे १८०९ साली पॅरिसमध्ये नेपोलियनला करून दाखवलेला. पत्र्याच्या दुकानातून दीड मिलिमीटर जाडीचा, २० सेंटिमीटरचा चौरस ॲल्युमिनियम किंवा पितळी पत्रा कापून घ्या. कडा कानसीनं गुळगुळीत करून घ्या, नाहीतर हात कापेल आणि गजाचे केसही. बरोबर मध्यावर भोक पाडून बोल्टनं लाकडी ठोकळ्यावर घट्ट बसवा. व्हायोलिनचा जुना गज आणि रोझिन लागेल. शिकणाऱ्या कुणाकडे तरी मिळतो.

पत्र्यावर रांगोळी पेरा. एका बाजूच्या मध्यावर बोट टेकवा आणि कोपऱ्याजवळ गज उभा, वरून खाली ओढा. रांगोळी अधिकच्या चिन्हासारखी फुली काढेल. आता बोट कोपऱ्यावर आणि गज बाजूच्या मध्यावर: फुली तिरपी होईल, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. दोन्ही स्वर तंबोऱ्याशी ताडून पाहा. दुसरा पहिल्यापेक्षा साधारण पंचमाच्या आसपास वर असतो, पत्र्याच्या धातूप्रमाणे थोडा इकडेतिकडे.

रांगोळीत चिमूटभर टाल्कम पावडर मिसळून पुन्हा करा. दाणेदार रांगोळी शांत रेघांवर जाते, आणि पावडर नेमकी उलट, जिथे पत्रा सर्वांत जास्त हलतो तिथे लहान ढिगाऱ्यांत जमते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये याचा उलगडा केला: थरथरत्या पत्र्यावर हवेचे बारीक झोत फिरत असतात, हलकी पावडर त्यांच्याबरोबर वाहून जाते, जड कण मात्र जात नाहीत. एकाच पत्र्यावर दोन रंगांत, एक नक्षी दुसरीच्या रिकाम्या जागा भरताना दिसते. यासाठी रांगोळी रंगीत घ्या, पांढऱ्या पावडरीपुढे ती उठून दिसते.

पुढच्या आकृत्यांसाठी बोट कोपरा आणि मध्य यांच्या दरम्यान सरकवत राहा, दोन ठिकाणी दोन बोटं टेकवा, गजाचा दाब बदला. स्वर जितका वर जाईल तितकी नक्षी दाट होत जाईल. प्रत्येक आकृती मुलांना कागदावर काढायला सांगा, शेजारी बोटाची जागा, गजाची जागा आणि स्वर लिहायला सांगा. दोन-तीन रविवारांत वही भरते, आणि मग कुणीतरी विचारतंच की गोल पत्रा घेतला तर काय होईल. त्यासाठी पत्रेवाल्याकडून तेवढ्याच जाडीची एक गोल चकतीही आधीच कापून ठेवा.